मैदानासाठी पावसाचं पाणी : समजुती आणि हिशेब

‘पावसाचं पाणी स्वच्छच असतं, साठवा आणि मैदानाला सोडा.’ गच्चीवरच्या पाण्यापुरतं हे बरंचसं ठीक आहे. रस्त्यावरून वाहत आलेल्या पाण्याचं तसं नाही. पहिल्या जोरदार सरीत ते गाड्यांचं तेल, टायरची झीज, कुत्र्यांची घाण असं सगळं ओढून आणतं. तुषार सिंचनात त्याचेच थेंब हवेत उडतात, आणि त्याच गवतावर मुलं लोळतात. म्हणून शुद्धीकरण हवंच.

पण त्यासाठी पिण्याच्या पाण्यासारखा मोठा प्रकल्प लागतो, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियातलं सिडनी पार्क ही एकेकाळची वीटभट्ट्यांची आणि कचरा टाकण्याची जागा. तिथे भोवतालच्या वस्त्यांतलं पावसाचं पाणी आधी जाळीतून येतं. पिशव्या, पानं तिथेच अडकतात. मग ते वाळू-मातीच्या, झाडं लावलेल्या वाफ्यांतून झिरपतं. गाळ वाळूत राहतो, विरघळलेला नायट्रोजन मुळं आणि त्यांच्याभोवतीचे जिवाणू कमी करतात. वर्षाला सरासरी 85 कोटी लिटर पाणी असं साफ होतं. माणसांचा थेट संपर्क येणार असेल, तर शेवटी अतिनील किरणांनी निर्जंतुकीकरण करावं.

डासांची भीती खरी, पण टाळता येण्याजोगी. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. नीट बांधलेला वाफा दोन-तीन दिवसांत कोरडा होतो. टाकी मात्र घट्ट झाकलेलीच हवी.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. सिडनीत पाऊस बाराही महिने पडतो, मुंबईत जवळपास सगळा चार महिन्यांत. एक हेक्टर हिरवळीला रोज साडेचार मिलिमीटर पाणी धरलं, तर 45 हजार लिटर. कोरड्या आठ महिन्यांचे एक कोटीहून जास्त! त्यासाठी 50 मीटर लांब, तेवढीच रुंद आणि चार मीटर खोल टाकीही अपुरी पडेल.

‘पूर अडवणाऱ्या टाक्यांतलंच पाणी वापरू’ असंही सुचवलं जातं. मुंबईतल्या हिंदमाता परिसरात पाणी तुंबू नये म्हणून दादर-परळच्या मैदानांखाली अशा टाक्या बांधल्या आहेत. पण पुढची सर झेलायची, तर त्या रिकाम्याच ठेवाव्या लागतात. बागेला हवी ती भरलेली टाकी. मला त्यापेक्षा जमिनीत मुरवणंच शहाणपणाचं वाटतं. शिवाजी पार्कात धुळीवर शिंपडायला लागणाऱ्या पाण्यासाठी पावसाचं पाणी मुरवणाऱ्या विहिरींचा मार्ग निवडला, तो याच दिशेचा. जिथे जमीन पाणी धरत नाही, तिथे उन्हाळ्यात प्रक्रिया केलेलं सांडपाणी जोडीला घ्यावं लागेल.