शासकीय निविदा आणि आपला वाटा

सरकारी नोकरीतील आरक्षणाची चर्चा आपल्या घराघरांत होते. सरकारी खरेदीतील वाट्याची चर्चा मात्र क्वचितच ऐकू येते. वास्तविक हा विषय आपल्या चळवळीला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले हे पुण्यातील कंत्राटदार होते आणि खडकवासल्याच्या धरणकामाला त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरवले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉयना अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. नोकऱ्या व शिक्षण यांच्याबरोबरच सरकारी कंत्राटांचा प्रश्नही त्यांनी त्यात मांडला होता.

आज त्या मागणीला धोरणाचा आधार आहे. केंद्र शासनाचा सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश २०१२ साली निघाला. २०१८ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय मंत्रालये, खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करावयाची आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के व महिला उद्योजकांसाठी ३ टक्के वाटा आहे. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींनाही हा हक्क लाभतो. तरीही प्रत्यक्ष खरेदी अनेक वर्षे या ४ टक्क्यांच्या बरीच खाली राहिली. अधिकाऱ्यांची अनास्था हे त्याचे एक कारण आहे. निविदा भरणारे आपले हात थोडे आहेत, हे दुसरे.

अंगुत्तर निकायात दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाला भगवान बुद्धांनी ऐहिक हितासाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत. निविदेचा मार्ग समजून घेण्यास त्या आजही उपयोगी पडतात.

पहिली उट्ठानसंपदा, म्हणजे उद्यमशीलता. प्रथम ‘उद्यम’ नोंदणी करावी. ती ऑनलाइन व विनाशुल्क होते. त्यासाठी दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. नंतर केंद्राच्या खरेदीसाठी ‘जेम’ या संकेतस्थळावर आणि राज्याच्या निविदांसाठी ‘महाटेंडर्स’वर नाव नोंदवावे. ई-निविदेसाठी डिजिटल स्वाक्षरी लागते. उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकांना व सेवा पुरवठादारांना केंद्रीय निविदांत निविदा संच विनामूल्य मिळतो आणि बयाणा रक्कम माफ असते. दुसऱ्याचा माल केवळ विकणाऱ्या व्यापाऱ्यांना या सवलती नाहीत. राज्य शासन व स्थानिक संस्था यांचे नियम वेगळे असतात, म्हणून प्रत्येक निविदेतील अटी स्वतंत्रपणे वाचाव्यात.

दुसरी आरक्खसंपदा, म्हणजे मिळवलेल्याचे रक्षण. निविदा बहुधा दोन लिफाफ्यांची असते. तांत्रिक लिफाफ्यात पात्रतेची कागदपत्रे असतात, आर्थिक लिफाफ्यात दर. पहिल्यात एखादे प्रमाणपत्र राहिले, तर दुसरा उघडलाच जात नाही. म्हणून शुद्धीपत्रके शेवटच्या दिवसापर्यंत पाहावीत व निविदापूर्व बैठकीत शंका विचाराव्यात. पूर्वानुभव व उलाढाल यांच्या अटी शिथिल करण्याची तरतूद आहे. दर्जाच्या बाबतीत सूट नाही. माल पोहोचवल्यावर चलन व स्वीकृतीची पावती जपून ठेवावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि लेखी करारातही ही मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज मागता येते. त्यासाठी सुकरीकरण परिषदेकडे दाद मागावी. उद्यम नोंदणी मात्र पुरवठ्यापूर्वीचीच असावी.

तिसरी कल्याणमित्तता. २००५ मध्ये पुण्यात स्थापन झालेली दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री आणि २०१६ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब यांच्याकडून मार्गदर्शन मिळू शकते. याच्या उलट पापमित्रही भेटतात. भांडवल आमचे, नाव तुमचे, असे सांगून ते आपले जातप्रमाणपत्र वापरू पाहतात. भागीदारीत वा खाजगी कंपनीत किमान ५१ टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींचा असणे आवश्यक आहे. कागदावर मालक होऊन महिन्याचे चार पैसे घेणारा माणूस समाजाचा हक्क भाड्याने देतो, आणि कर व कर्जाची जबाबदारी मात्र त्याच्याच माथी येते.

चौथी समजीविता, म्हणजे आय-व्ययाचा मेळ. समजा, एक हजार बाकांच्या निविदेत एका मोठ्या कंपनीचा सर्वांत कमी दर २,००० रुपये आहे व आपला २,२५० रुपये. सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे येथे २,३०० रुपयांपर्यंत, दर देणाऱ्या लघु उद्योगाला तो कमी दर मान्य करून, पुरवठा विभागण्याजोगा असल्यास, २५ टक्के, म्हणजे २५० बाकांचे काम मिळू शकते. परंतु २,००० रुपयांत लाकूड, लोखंड, मजुरी, वाहतूक, कर व व्याज भागत नसेल, तर ते काम नाकारणेच शहाणपणाचे. बयाणा माफ असला तरी काम मिळाल्यावरची कामगिरी हमी सहसा द्यावीच लागते आणि देयक हाती येईपर्यंतचे भांडवल आपल्यालाच उभे करावे लागते. म्हणून पहिली निविदा लहान असावी.

वसतिगृहांच्या चादरी, गणवेश, बाके, वह्या, भोजन, स्वच्छता या साऱ्यांची खरेदी शासन दरवर्षी करते. या वस्तू आपले माजी विद्यार्थी बनवू शकतात. एकट्याला भांडवल अपुरे पडत असेल, तर चौघांनी रीतसर भागीदारी करावी. बाबासाहेबांनी १९४२ साली मांडलेल्या गाऱ्हाण्याचे उत्तर आज बऱ्याच अंशी नियमांत उतरले आहे. तो नियम वाचून, वेळेत व स्वतःच्या नावाने निविदा भरणे हे आता आपल्याकडे आहे.