सारखे आकडे, निराळे पत्ते

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, पैनगंगेच्या खोऱ्यात, उमरखेड तालुका आहे. तेथील एखाद्या शेतकऱ्याने ‘माझे शेत ४५ क्रमांकाचे’ एवढेच सांगितले, तर तलाठी विचारील, “सर्व्हे क्रमांक की गट क्रमांक?”

हा प्रश्न व्यर्थ नव्हे. जुन्या मोजणीत शेतांना सर्व्हे क्रमांक मिळाले. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये महाराष्ट्रातील ज्या गावांत जमिनी एकत्र केल्या गेल्या, तेथे नवे गट क्रमांक पडले. त्यामुळे सर्व्हे क्रमांक ४५ आणि गट क्रमांक ४५ या दोन अगदी भिन्न जमिनी असू शकतात. खरेदीखतात ‘गट’ हा एवढासा शब्द गळला, तर पैसा एका शेताचा आणि नांगर दुसऱ्याच्या शेतात, असा प्रसंग ओढवतो. मग कोर्टाच्या पायऱ्या आल्याच.

संगणकातही नेमका असाच घोटाळा होतो. आज्ञावली प्रथम फाइलमध्ये असते व तेथे प्रत्येक आज्ञेला एक पत्ता असतो. ती चालू झाली, की संगणक तिला स्मृतीत नेऊन मांडतो. सुरक्षिततेसाठी ही जागा पुष्कळदा दर खेपेस बदलली जाते. समजा, एका आज्ञेचा फाइलमधील पत्ता ४,००० आहे आणि आज्ञावली ७०,००० जागा पुढे मांडली गेली. तर त्या आज्ञेचा स्मृतीतील पत्ता ७४,००० होईल. आज्ञावलीतील दोष हुडकणाऱ्या ‘डीबगर’ या साधनास हे दोन्ही पत्ते सतत लागतात. ७४,००० मध्ये चुकून पुन्हा ७०,००० मिळविले, तरी बेरीज बिनबोभाट होते. कारण संगणकाच्या लेखी त्या केवळ संख्या! दोष शोधणारा मात्र भलत्याच जागी चाचपडत बसतो.

यावर उपाय तलाठ्याचाच आहे. आकड्याबरोबर त्याची जातही लिहावयाची. फाइलमधील पत्त्याचा एक प्रकार व स्मृतीतील पत्त्याचा दुसरा, असे भाषेलाच सांगून ठेवले, की एकाच्या जागी दुसरा आल्यास कंपायलर आज्ञावली तयार करण्याचेच नाकारतो. एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्यास एकच ठरलेली वाट ठेवतात. लिहिण्याचे कष्ट थोडे वाढतात, हे खरे. पण चूक आज्ञावली चालण्यापूर्वीच उघडी पडते.

१९९९ साली अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी नष्ट झाले. एका आज्ञावलीने पौंडांच्या मापात दिलेले आकडे दुसरीने न्यूटनच्या मापातील समजून घेतले होते. आकड्यांना जात चिकटलेली नव्हती.

अर्थात ७०,००० हा आकडाच चुकीचा घेतला, तर प्रकार काही करू शकत नाहीत. ‘गट क्रमांक ४५’ असे बिनचूक लिहूनही गावाचे नाव चुकले, तर तलाठी तरी काय करील?