टेटूच्या मुळावर उठलेली मागणी

कल्याण-डोंबिवलीत बाळंतीण घरी आली की आजही औषधाच्या दुकानातून दशमूळारिष्टाची बाटली येते. दशमूळ म्हणजे दहा मुळं. सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली, गोखरू ही पाच लहान वनस्पतींची, तर बेल, शिवण, पाडळ, ऐरण आणि टेटू ही पाच वृक्षांची. बेल देवळाच्या आवारात सापडतो, शिवण कुणी लाकडासाठी लावतं. टेटू मात्र बहुधा रानातूनच खणून येतो.

येऊरच्या उतारांवर, शहापूर-मुरबाडच्या रानात हे झाड अजून भेटतं. उंची 8 ते 12 मीटर, फांद्या मोजक्या, पानं अवाढव्य. पावसाळ्यात जांभळट मांसल फुलं रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली गळून पडलेली दिसतात. त्यांच्या उग्र वासावर वटवाघळं येतात आणि परागीभवन तीच करतात. मग तलवारीसारख्या चपट्या शेंगा लोंबू लागतात, काही तर जवळजवळ मीटरभर लांब. आतल्या बियांना कागदासारखे पारदर्शक पंख असतात.

रानातल्या माणसांना टेटू आधी भाजी म्हणून ठाऊक आहे. फुलं आणि कोवळ्या शेंगा उकळून, कडवटपणा काढून शिजवतात. आयुर्वेदात तो श्योनाक: सूज, वात, अतिसार यांवरचं औषध. सालीत बायकॅलीन, क्रायसिन, ओरोक्सिलिन ही द्रव्यं सापडली आहेत.

घोडं पेंड खातं ते इथेच. औषधात लागते मुळाची साल, आणि ती काढायची तर झाड उपटावं लागतं. केरळसह काही राज्यांतल्या मूल्यांकनांत टेटू संकटग्रस्त ठरला आहे. बाजारात त्याच्या नावावर महारुखाची सालही खपवली जाते. म्हणजे झाड जातं ते जातंच, वर रोग्यालाही खरं औषध मिळत नाही.

शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेलीचा व्यवसाय उभा केला आणि 2021 मध्ये त्यांच्या संस्थेकडे औषध कंपन्यांची सुमारे दीड कोटींची मागणी आली. पण गुळवेलीचा तुकडा तोडला तरी वेल पुन्हा फुटते. टेटूची मुळं खणणाऱ्याला त्या झाडाकडून पुढच्या वर्षी काहीच मिळत नाही. चीनमध्ये घशाच्या औषधासाठी याच झाडाच्या बिया वापरतात, थायलंडमध्ये शेंगा बाजारात विकतात. दोन्हीकडे झाड उभं राहून उत्पन्न देतं. आपल्याकडेही खोडाची साल मुळाऐवजी चालेल का, याच्या रासायनिक तुलना झाल्या आहेत. माझ्या मते औषध कंपन्यांनी ही वाट धरावी आणि मुळंच हवी असतील तर ती लागवडीतून घ्यावीत. रानातून मुळं खणणं थांबलंच पाहिजे.

टेटूचं ताजं बी सहज रुजतं. हिवाळ्याअखेर शेंगा वाळतात. पडीक माळ किंवा शेताचा बांध ज्यांच्याकडे आहे, त्यांनी या वर्षी मूठभर बी जपून ठेवावं आणि पहिल्या पावसात पेरावं.