वारंवार येणारी सूज

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वसतिगृहांतील एक विद्यार्थी सकाळीं उठला तों त्याचा वरचा ओठ व डावा गाल इतके सुजले होते कीं, क्षणभर आम्हांस त्याची ओळखच पटेना. कोणी म्हणालें गांधीलमाशी चावली, कोणी म्हणालें पित्त उठलें. स्वयंपाकीणबाईंनीं आमसुलाचें पाणी चोळलें, डॉक्टरांनीं पित्ताच्या गोळ्या दिल्या. परंतु सूज कशालाच दाद देईना. तिसऱ्या दिवशीं ती आपली आपणच ओसरली. मध्यंतरी वर्गानें त्याला ‘लाडू’ हें नांव ठेविलें, आणि त्यांत आम्हीही सामील होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. पुढें दोन वेळां तसेंच झालें. शेवटीं एका मोठ्या रुग्णालयांत रक्ताची तपासणी झाली तेव्हां रोगाचें नांव कळलें: आनुवंशिक अँजिओएडीमा. त्यानंतर आम्हीं या विकाराविषयीं जी माहिती मिळविली, ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा विकार सुमारें ५०,००० माणसांत एकास होतो. अशा प्रकारच्या सुजेचें वर्णन १८८२ सालीं क्विंके या जर्मन वैद्यानें केलें. ती पिढीजात असूं शकते हें १८८८ सालीं विल्यम ऑस्लर यांनीं एकाच घराण्याच्या पांच पिढ्यांचा इतिहास देऊन दाखविलें. त्या घराण्यांतील दोघांस गळा सुजून मृत्यु आला होता. कारण मात्र त्यानंतर ७५ वर्षांनीं, म्हणजे १९६३ सालीं, व्हर्जिनिया डोनाल्डसन व एव्हान्स यांनीं शोधून काढिलें.

तें कारण असें. आपल्या रक्तांत ‘सी-वन इन्हिबिटर’ नांवाचें एक प्रथिन असतें. त्याचें काम पहारेकऱ्याचें आहे. बहुतेक रोग्यांत तें कमी असतें, किंवा असूनही निकामी असतें. मग ब्रॅडिकायनिन नांवाचें द्रव्य बेसुमार तयार होऊन बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरूं लागतात, आणि तें पाणी कातडीखालीं सांचून सूज येते. पित्त उठतें तें हिस्टामीन या निराळ्याच द्रव्यामुळें. म्हणूनच पित्ताच्या गोळ्या, स्टिरॉइड, अॅड्रेनलिन हे नेहमींचे उपाय येथें व्यर्थ जातात. दोहोंमधील भेद ओळखण्याची खूण सोपी आहे: या सुजेस खाज नसते व अंगावर गांधी उठत नाहींत, ती तासातासानें वाढते आणि दोन ते पांच दिवस टिकते. सूज कधीं हातापायांस येते, कधीं आंतड्यांस. आंतड्यांस आली म्हणजे असा पोटशूळ उठतो कीं, आंत्रपुच्छाचा दाह समजून कित्येकांचीं पोटें विनाकारण चिरलीं गेलीं आहेत.

आईबापांपैकीं एकास हा विकार असेल तर प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो. तथापि सुमारें चौथाई रोग्यांच्या घराण्यांत तो पूर्वीं कोणासही नसतो; आमचा मित्र त्यांपैकींच.

विकार समूळ बरा होत नाहीं. तो सांभाळावा लागतो. दांत काढणें, मुका मार, ताप, परीक्षेची काळजी, यांपैकीं कशानेंही सूज उद्भवूं शकते. आमच्या मित्राने एक वही ठेविली असून सूज केव्हां आली, आदल्या दिवशीं काय घडलें, हें तो तींत टिपून ठेवितो. तिच्यावरून त्याला स्वतःसच उमगलें कीं, दोन वेळां सूज सहामाही परीक्षेच्या आठवड्यांत आली. मोठ्या वयाच्या रोग्यांनीं रक्तदाबावरील एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीचीं औषधें घेऊं नयेत, व स्त्रियांनीं इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या टाळाव्या.

सूज आल्यावर द्यावयाच्या खऱ्या औषधांपैकीं दोन अशीं: शिरेंतून दिलें जाणारें तेंच उणें प्रथिन, किंवा त्वचेखालीं टोंचावयाचें इकॅटिबंट. तीं मिळालीं नाहींत तर गोठवून ठेविलेला ताजा रक्तरस रुग्णालयांत देतात. सूज येऊंच नये म्हणून लॅनाडेलुमॅबसारखीं नवीं औषधें निघालीं आहेत, परंतु त्यांची किंमत सामान्य गृहस्थास पेलण्यासारखी नाहीं. त्यामुळें आपल्याकडे अद्याप डॅनाझोल व ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड यांच्यावरच पुष्कळांची भिस्त आहे. त्यांपैकीं डॅनाझोल वाढत्या मुलांस सहसा देत नाहींत.

चेहऱ्याची सूज कुरूप दिसते, पण खरें भय गळ्याचें. निम्म्याहून कमी नाहींत इतक्या रोग्यांस आयुष्यांत एकदां तरी गळ्याची सूज येते. आवाज घोगरा झाला, घोट गिळवेना, गळ्यांत कांहीं अडकल्यासारखें वाटलें, कीं श्वास कोंडण्याची वाट न पाहतां तत्काळ रुग्णालय गांठावें. श्वास चालूं ठेवण्यासाठीं नळी घालावी लागेल, तर ती वेळेवर घालतां आली पाहिजे. अशा वेळीं रोग्यास बोलतां येईलच असें नाहीं. म्हणून रोगाचें नांव व औषध लिहिलेलें डॉक्टरांचें पत्र आमचा मित्र सदैव खिशांत बाळगतो. त्याची दुसरी प्रत पर्यवेक्षकांच्या खोलींत आहे, व ती कोठें ठेविली आहे हें खोलींतील आम्हां चौघांस ठाऊक आहे.

दिवाळीच्या सुटींत त्याची एक दाढ काढावयाची आहे. दाढ काढण्यापूर्वीं प्रतिबंधक औषध कोणतें व केव्हां द्यावें, याविषयीं दंतवैद्यांनीं रुग्णालयाशीं आतांच पत्रव्यवहार सुरू केला आहे.