पाचव्या माणसाची शर्यत

19 नोव्हेंबर 2022, शनिवार. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातलं स्टिलवॉटर हे विद्यापीठाचं गाव. गावाबाहेरच्या गवताळ टेकाडांवर अमेरिकेतल्या विद्यापीठांची राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धा चालली होती. पुरुषांची दहा किलोमीटरची शर्यत स्टॅनफर्डच्या चार्ल्स हिक्सनं 28 मिनिटं 43 सेकंदांत जिंकली. कॅमेरे त्याच्याभोवती गोळा झाले. पण त्या मैदानावरच्या जाणत्या मंडळींचं लक्ष हिक्सकडे नव्हतंच. ते मागून येणाऱ्या घोळक्यातले शर्ट मोजत होते. बेरीज झाली तेव्हा यजमान ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे गुण भरले 83, आणि गतविजेत्या नॉर्दर्न अ‍ॅरिझोना विद्यापीठाचेही 83.

दोनशेहून जास्त पोरं टेकाड चढून-उतरून दहा किलोमीटर पळाली आणि शेवटी दोन संघांत एका गुणाचाही फरक नाही! मग नियमाचं पुस्तक उघडलं. दोन्ही संघांतल्या पहिल्याची पहिल्याशी तुलना, दुसऱ्याची दुसऱ्याशी, अशा पाच जोड्या लावायच्या आणि ज्याचे जास्त जण पुढे, तो जिंकला. नॉर्दर्न अ‍ॅरिझोना तीन जोड्यांत पुढे निघालं, ओक्लाहोमा स्टेट दोन. विजेतेपद गेलं नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाला.

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या डोक्याला पहिला प्रश्न पडतो, की धावणं तर एकट्याचा खेळ, त्यात संघ कुठून आला? इथे चेंडू पास करायचा नाही की बॅटन द्यायचं नाही. तरीही हा खेळ पक्का सांघिक आहे, आणि त्याला सांघिक करणारं गणित इतकं साधं आहे की पाचवीतलं पोर मांडेल.

संघाचे सात जण पळतात. त्यांतल्या पहिल्या पाच जणांचा क्रमांक हेच त्यांचे गुण. पाचांची बेरीज करायची, ज्याची सगळ्यात कमी तो विजेता. एकाच संघानं पहिले पाचही क्रमांक पटकावले तर बेरीज 15, याहून कमी होणं शक्यच नाही. या राष्ट्रीय स्पर्धेत हे कुणालाच साधलेलं नाही. सगळ्यात जवळ पोचलं ते टेक्सास विद्यापीठाचं एल पासो केंद्र, 1981 मध्ये 17 गुणांवर.

आता यातली गंमत बघा. समजा, एका संघाची चार पोरं पहिली, दुसरी, तिसरी, चौथी आली. पण पाचवा थकला आणि नव्वदावा आला. बेरीज शंभर. दुसऱ्या संघातलं कुणीच पहिल्या दहात नाही, पण त्यांचे पाच जण पंधरा, सतरा, एकोणीस, एकवीस आणि तेविसावे आले. बेरीज पंचाण्णव, आणि चषक त्यांचा. म्हणजे ज्यांनी पहिले चारही क्रमांक नेले, ते हरले. सहावा-सातवासुद्धा उगाच पळत नाहीत. त्यांचे गुण मोजत नाहीत, पण ते प्रतिस्पर्ध्याच्या पाचव्या माणसापुढे शिरले तर त्याचा क्रमांक दोननं मागे ढकलला जातो.

म्हणून या खेळात खरी मारामारी पुढे होत नाही, मध्यात होते. पुढचे दोघे-तिघे एकमेकांपासून सुटे झालेले असतात. मध्ये मात्र इतकी दाटी असते की एका सेकंदात दोन-तीन जण रेषा ओलांडतात. शेवटच्या चढावर कुणी पाच सेकंद ढिला पडला, तर दहा-पंधरा क्रमांक गेलेच. कोच लोक त्यामुळे एका जागी उभे राहत नाहीत. एका वळणावर पोरं दिसली की मैदान आडवं कापत पुढच्या वळणाकडे पळतात आणि तिथून ओरडतात, तू साठावा आहेस, पुढच्या केशरी शर्टांना धर. पळणाऱ्याला स्वतःला कळतच नसतं आपण कितवे आहोत. त्याला दिसतात फक्त पाठी.

खेळ जन्मला तो मात्र निव्वळ पोरखेळ म्हणून. इंग्लंडच्या रग्बी शाळेत 1837 च्या सुमारास मुलं कागदाचे कपटे टाकत शेतांतून पळायची आणि बाकीचे त्या मागावर त्यांचा पाठलाग करायचे. पुढे तो ऑलिंपिकमध्येही गेला, आणि 1924 च्या पॅरिसमधल्या भाजून काढणाऱ्या उन्हात 38 पैकी फक्त 15 जण शर्यत पुरी करू शकले, तेव्हा तिथून कायमचा बाहेर पडला. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी मात्र त्याला 1938 पासून राष्ट्रीय स्पर्धेचा मान दिला तो आजतागायत.

मोठमोठ्या, श्रीमंत विद्यापीठांच्या त्या गर्दीत नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाचं नाव विजेत्यांच्या यादीत आलंच नव्हतं. 2016 साली त्यांनी क्रॉस कंट्रीचं विजेतेपद जिंकलं, ते या विद्यापीठाचं कोणत्याही खेळातलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. प्रशिक्षक होते एरिक हाइन्स. त्यानंतर धुरा माइक स्मिथ यांच्याकडे आली. मग 2017, 2018, 2020, 2021, 2022. सात हंगामांत सहा विजेतेपदं. मधलं 2019 चं तेवढं ब्रिगम यंग विद्यापीठानं हिसकावलं.

हे कसं जमलं, याचं पहिलं उत्तर सगळे देतात ते भूगोलाचं. हे विद्यापीठ ज्या फ्लॅगस्टाफ गावात आहे ते समुद्रसपाटीपासून सुमारे 2,100 मीटर उंचीवर वसलंय. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वात उंच शिखरावर उभं राहिलं तरी या गावातला बाजार आपल्या डोक्यावर साडेचारशे मीटर राहील! भोवती पाँडेरोसा पाइनचं जंगल, वर सॅन फ्रान्सिस्को शिखरं, आणि हवा इतकी स्वच्छ की 1930 मध्ये इथल्याच लोवेल वेधशाळेतून प्लुटो सापडला.

उंचीवर प्राणवायू कमी असतो असं आपण म्हणतो, ते अर्धंच बरोबर आहे. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तिथेही एकवीस टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. फ्लॅगस्टाफला तो समुद्रकाठच्या दाबाच्या साधारण 78 टक्के भरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूचे रेणू कमी येतात. हे ओळखून रक्ताची तजवीज करतं कोण? फुप्फुस नाही, मूत्रपिंड! रक्तातला प्राणवायू घटल्याचं लक्षात आलं की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते हाडांच्या आतल्या मज्जेपर्यंत जातं आणि तिथला तांबड्या पेशींचा कारखाना जोरात सुरू होतो. तीन-चार आठवड्यांत रक्तातलं हिमोग्लोबिन वाढू लागतं. हेच संप्रेरक काही सायकलपटूंनी सुईतून टोचून घेतलं आणि बदनाम झाले. या पोरांचं शरीर ते झोपेत, फुकट बनवतं. फक्त कच्चा माल म्हणून लोह लागतं. म्हणूनच उंचीवरचे कोच पोरांच्या घड्याळाइतकंच त्यांच्या रक्ततपासणीकडे बघतात. लोहाचा साठा रिता असेल तर डोंगरावर राहून नुसता दम लागतो, पदरात काही पडत नाही.

पण यात एक पेच आहे. विरळ हवेत तुम्ही वेगानं पळूच शकत नाही. रक्त सुधारतं आणि पाय मात्र हळू पळायला शिकतात. 1997 मध्ये बेंजामिन लेव्हिन आणि जेम्स स्ट्रे-गंडरसन या दोन संशोधकांनी यावरचा तोडगा तपासून पाहिला. त्यांनी काही धावपटूंना 2,500 मीटरवर राहायला लावलं आणि सरावाला 1,250 मीटरवर उतरवलं. उंचावर राहून उंचावरच पळणाऱ्यांपेक्षा आणि खालीच राहणाऱ्यांपेक्षा पाच हजार मीटरमध्ये हेच जास्त सुधारले. 'राहा वर, पळा खाली' हा मंत्र तेव्हापासून जगभर पसरला. फ्लॅगस्टाफला तर तो जणू आयताच मिळालाय. तासाभरात गाडीनं ओक क्रीकच्या दरीतून उतरलं की सेडोना येतं, उंची साधारण महाबळेश्वराएवढी. वेगाचा सराव तिथे किंवा त्याहून खालच्या गावांत करायचा, आणि रात्री झोपायला पुन्हा वर.

इथे थांबलं तर लेख सोपा होईल, पण खरा होणार नाही. कारण 2022 मध्ये ज्यांनी या डोंगरवाल्यांशी बरोबरी केली त्या ओक्लाहोमा स्टेटचं गाव जेमतेम तीनशे मीटर उंचीवर, सपाटीवर आहे. आणि पुढच्याच वर्षी, 2023 मध्ये, त्यांनी 49 गुणांवर नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाला 71 वर रोखून चषक नेला. डोंगर फ्लॅगस्टाफमध्ये 2016 च्या आधीही होताच की! जिंकायला लागली ती माणसं.

माझ्या मते या यशाचं मर्म पाचवा माणूस तयार करण्यात आहे. पहिला माणूस शोधता येतो. कॅलिफोर्नियातल्या न्यूबरी पार्क शाळेचा निको यंग शाळेत असतानाच देशभर गाजला होता आणि कोणतंही विद्यापीठ डोळे झाकून घेईल असा होता; तो फ्लॅगस्टाफला आला. पण विद्यापीठाला वाटायला शिष्यवृत्त्या होत्या किती? 2025 पर्यंतच्या नियमानं पुरुषांच्या क्रॉस कंट्री आणि अ‍ॅथलेटिक्स या सगळ्या मिळून 12.6. म्हणजे शंभर मीटरवाले, लांब उडीवाले, गोळाफेकवाले आणि हे दमदार पळणारे अशा सगळ्यांत मिळून तेरासुद्धा नव्हत्या. एकेक शिष्यवृत्ती तुकडे करून द्यावी लागे. सातही जण शाळेतले तारे असणं परवडतच नव्हतं. पाचवा, सहावा, सातवा घडवावे लागत, आणि त्याला तीन-चार वर्षं जात.

घडवतात कसे? इथे बाहेरच्याची निराशा होते, कारण बघण्यासारखं काही नसतंच. आठवड्यातले बहुतेक दिवस पोरं गप्पा मारता येतील इतक्या बेतानं, जंगलातल्या मातीच्या वाटेनं पळतात. आठवड्यातून एक-दोनदा कडक सराव. त्यातला महत्त्वाचा भागसुद्धा जीव तोडून पळण्याचा नसतो. साधारण तासभर टिकवता येईल अशा वेगाला प्रशिक्षक 'थ्रेशोल्ड' म्हणतात. त्या वेगापर्यंत स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट शरीर वापरून संपवू शकतं, त्यापुढे ते साचत जातं. सराव या सीमेवर करायचा, ओलांडायचा नाही. या वेगांचे तक्ते जॅक डॅनियल्स या व्यायामशास्त्रज्ञानं मांडून ठेवलेत. दोन ऑलिंपिक पदकं जिंकलेला हा माणूस स्वतः काही काळ फ्लॅगस्टाफच्याच प्रशिक्षण केंद्रात शिकवत होता.

खरं अवघड काम वेगळंच आहे. वीस-बावीस वर्षांची, एकमेकांशी सातमध्ये जागा मिळवण्यासाठी झगडणारी पोरं रोज एका घोळक्यात पळतात. निको यंगसारखा माणूस बाजूला असताना पाचव्याला वाटणारच की आज याला गाठू. एकदा का रोजच्या सरावाची शर्यत झाली, की सप्टेंबरमध्ये सगळे चमकतात आणि नोव्हेंबरमध्ये पाय शिसाचे होतात. तेव्हा यंगनं आपला वेग आवरायचा, पाचव्यानं आपला मोह आवरायचा आणि घोळका अखंड राहिला पाहिजे. कोचची परीक्षा इथे असते. शर्यतीच्या सकाळी त्याच्या हातात करण्यासारखं फार थोडं उरतं. ओली माती बघून पोरांच्या बुटांचे खिळे पान्यानं पिळून काढायचे आणि जास्त लांबीचे बसवायचे, एवढंच.

त्या घोळक्यात एक लुईस ग्रिहाल्वा होता. जन्म ग्वाटेमालाचा, तान्हेपणीच आईबापांबरोबर अमेरिकेत आलेला, कागदपत्रांअभावी नागरिक नसलेला. देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत येता येईल याची खात्री नव्हती. 2021 मध्ये तो टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरला आणि अगदी अखेरच्या क्षणी सरकारी परवानगी हातात पडल्यावर विमानात बसला. पाच हजार मीटरच्या अंतिम फेरीत तो बारावा आला. पुढच्या दोन्ही जागतिक स्पर्धांत चौथा.

आपल्याकडची माती आणि तिकडचा डोंगर एका माणसाच्या पायांत एकत्र आले आहेत. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. तो कुठल्या अमेरिकन विद्यापीठात शिकला नाही. त्याची सुरुवात भारतीय सैन्यातल्या क्रॉस कंट्रीतून झाली आणि नंतर तो तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला. देशात त्याच्या बरोबरीनं पळणारं कुणी उरलं नव्हतं. स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम तो पुन्हा पुन्हा मोडत होता. 2022 मध्ये तो सरावासाठी कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला, सुमारे 1,840 मीटर उंचीवर, स्कॉट सिमन्स या प्रशिक्षकाकडे. तिथे त्याला उंची मिळाली आणि घोळकाही. त्याच ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्यपदक आणलं. सुवर्ण नेणारा केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढे होता तो एका सेकंदाच्या पाच शतांश भागानं.