साठ थेंबांचा हिशेब

जिल्हा रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’ या लैंगिक आजारांच्या दवाखान्यात उपदंशाची (सिफिलिसची) तपासणी बहुधा आरपीआर या चाचणीने होते. रक्तातले सीरम वेगळे काढून त्याचे ५० मायक्रोलिटर कार्डावरच्या वर्तुळात पसरतात. त्यावर कोळशाचे बारीक कण मिसळलेल्या अँटिजेनचा एक थेंब सोडतात आणि कार्ड रोटेटरवर मिनिटाला १०० फेऱ्यांच्या वेगाने ८ मिनिटे फिरवतात. रक्तात प्रतिद्रव्ये असतील तर काळ्या गुठळ्या दिसतात. पाहायला इतके सोपे, पण हा थेंब नेमका असावा लागतो.

अँटिजेन सोडणाऱ्या सुईतून एका मिलिलिटरचे ६० थेंब पडायला हवेत. दोन इकडे-तिकडे चालतात. म्हणून तंत्रज्ञ ते मोजून पाहतो. थेंब मोठे पडू लागले तर अँटिजेनचे प्रमाण बिघडते आणि निकालही बिघडतो. चाचणीच्या खोलीचे तापमान २३ ते २९ अंश सेल्सिअस हवे. मे महिन्यात अकोल्यात किंवा जळगावात बंद पडलेला एसी हा त्यामुळे गैरसोयीचा नव्हे, निकालाचा प्रश्न असतो. रुग्णांचे नमुने लावण्याआधी उत्तर ठाऊक असलेले नमुने लावतात: एक पक्का पॉझिटिव्ह, एक जेमतेम पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. यातला जेमतेम पॉझिटिव्ह सगळ्यात महत्त्वाचा, कारण अँटिजेन कमजोर होऊ लागले की आधी तोच हातून निसटतो. हे नियंत्रण नमुने चुकले, तर त्या दिवशीचा एकही निकाल बाहेर जाता कामा नये.

कधी रक्तात प्रतिद्रव्ये इतकी जास्त असतात की गुठळ्याच होत नाहीत. लक्षणे स्पष्ट असूनही निकाल निगेटिव्ह आला, तर सीरम पातळ करून पुन्हा तपासावे लागते. ही शंका घेणे यंत्राला जमत नाही, माणसालाच घ्यावी लागते. उलट, गुठळ्या दिसल्या तरी दुसऱ्या कारणानेही त्या येऊ शकतात, म्हणून टीपीएचएसारख्या दुसऱ्या चाचणीने खात्री करतात. गरोदर बाईचा निकाल चुकून निगेटिव्ह गेला, तर मूल पोटातच दगावू शकते किंवा आजार घेऊन जन्मू शकते. तोच निकाल वेळेत बरोबर आला, तर सुरुवातीच्या उपदंशाला बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते. एवढ्या स्वस्त उपायावर पाणी पडू नये म्हणून थेंब मोजायचे.

शेजारच्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी होते. तिथे लक्षणे नसलेल्या माणसाला एका चाचणीवरून कधीच पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली, की वेगळ्या बनावटीच्या आणखी दोन किटवर तोच नमुना तपासतात. तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह. निकाल अनिश्चित राहिला, तर १४ दिवसांनी नवा नमुना घेतात.

केंद्राने स्वतःच स्वतःला बरोबर ठरवून मात्र भागत नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नाको) मार्गदर्शक सूचनांनुसार जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातले २० टक्के पॉझिटिव्ह आणि ५ टक्के निगेटिव्ह नमुने राज्य संदर्भ प्रयोगशाळेकडे फेरतपासणीला जातात. शिवाय वरच्या प्रयोगशाळेकडून सांकेतिक क्रमांकांचे नमुने येतात. ते रोजच्या नमुन्यांसारखेच तपासायचे असतात. ते खास काळजी घेऊन तपासणारे केंद्र स्वतःलाच फसवते. या साखळीच्या शिखरावर पुण्याला भोसरीत १९९२ साली सुरू झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था राहिली. आज तिचे नाव बदलले आहे.

चाचणी बरोबर आली, पण नोंद चुकली, तर सारे श्रम मातीत जातात. नळीवरचा, रजिस्टरमधला आणि अहवालावरचा क्रमांक एकच हवा. आकडेवारीत सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे चाचण्या आणि माणसे यांची गल्लत. एकच माणूस वर्षात तीनदा तपासला गेला, तर चाचण्या तीन होतात, माणूस एकच राहतो. रिकामा रकाना आणि ‘नाही’ यांतही मोठे अंतर आहे. ‘जोडीदाराची तपासणी’ हा रकाना कोरा असेल, तर जोडीदाराला विचारलेच नाही की तो आला नाही, हे कुणाला कळत नाही. माझ्या मते केंद्राची खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात आहे: पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जण एचआयव्हीवर औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रात पोहोचले? चाचण्यांची मोठी संख्या हे उत्तर झाकून टाकू शकते.

नोंदी ठेवायच्या, पण उघड्या पडू द्यायच्या नाहीत. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार चाचणीला संमती आवश्यक आहे आणि माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. नावाचे रजिस्टर टेबलावर उघडे ठेवणारे केंद्र, त्याचा निकाल कितीही अचूक असो, नापास समजावे.

तपासणीला गेलात तर समुपदेशकाला आधीच्या तपासण्यांविषयी आणि जोडीदाराविषयी खरे सांगा, आणि निकाल घेतल्याशिवाय परतू नका. जवळचे केंद्र ठाऊक नसेल, तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा.