अतिथी वादक आणि विद्यापीठातील गिटारशिक्षण

मुळा आणि पवना या नद्यांच्या मधल्या पट्ट्यातील पिंपळे सौदागर हे एके काळचे शेतकरी गाव आज पिंपरी-चिंचवडमधील दाट वस्तीचे उपनगर झाले आहे. तेथील इमारतींतून गिटार शिकणारी मुले पुष्कळ आढळतात. त्यांपैकी बहुतेकांचे शिक्षण गाण्याच्या साथीपुरते असते. पोलादी तारा, हातात धरायची पिक आणि काही ठरावीक कॉर्ड एवढ्यावर ते भागते. अभिजात गिटारवादन ही विद्या याहून निराळी आहे. तिच्यात पिक नाही, साथ नाही आणि बहुधा ध्वनिवर्धकही नाही. एकच वादक उजव्या हाताच्या बोटांनी राग आणि आधार दोन्ही वाजवितो, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ‘राग’ हा शब्द येथे लागू पडत नाही. मुख्य स्वरावली आणि तिच्याखालील मंद्र स्वरांची हालचाल तो एकाच वेळी सांभाळतो, असे म्हणणे अधिक नेमके होईल. ही विद्या जाणणारा वादक पाहुणा म्हणून विद्यापीठात येतो, एक कार्यक्रम करतो, दोन दिवस शिकवितो आणि निघून जातो. एवढ्या अवधीत विद्यार्थ्याच्या पदरी नेमके काय पडते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

प्रथम वाद्याचा विचार करावा. आजच्या अभिजात गिटारीची घडण मुख्यतः आन्तोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिराने स्थिर केली. तारेची मोकळी लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर, आणि वरच्या पातळ फळीला आतून पंख्याच्या काड्यांप्रमाणे लावलेल्या पट्ट्या, ही त्या घडणीची ओळख होय. तारा पूर्वी आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची जागा नायलॉनने घेतली. सतारवादक तर्जनीवर धातूची नखी चढवितो. गिटारवादक स्वतःचे नख वाढवून, घासून, त्यालाच नखीचे काम देतो. या नखावरूनही मतभेद झाले. फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) हा उत्तरायुष्यात नखावाचून, केवळ बोटाच्या मांसल अग्राने वाजवी; त्याचा शिष्य एमिलिओ पुजोल याने तोच पंथ चालविला. आन्द्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) याने मात्र नख आणि मांस दोन्हींचा एकत्र उपयोग केला, आणि पुढे बहुतेकांनी त्याचेच अनुकरण केले.

या वाद्याची खरी खुबी तिच्या पडद्यांत आहे. पहिली तार मोकळी छेडली असता जो स्वर मिळतो, तोच दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर, तिसऱ्या तारेवर नवव्या आणि चौथ्या तारेवर चौदाव्या पडद्यावर मिळतो. उंची तीच, रंग मात्र चार प्रकारचा. मोकळी तार उजळ बोलते. चौथ्या तारेवर धातूचा वेढा असतो आणि चौदाव्या पडद्यावर तिची कंप पावणारी लांबी आखूड झालेली असते, म्हणून तेथे स्वर जाड आणि काहीसा झाकोळलेला येतो. त्यातच उजवा हात घोडीकडे सरकविला की वरचे उपस्वर बळावतात आणि नाद टणक होतो; मानेकडे नेला की तो गोल आणि मवाळ होतो. छापील स्वरलिपीत स्वराची उंची आणि काल लिहिलेला असतो. हा रंग तीत फारसा येत नाही. ध्वनिमुद्रणात तो येतो, पण तो ज्या हालचालीतून निघाला ती दिसत नाही. वादक चार हातांवर बसलेला असला म्हणजेच ती दिसते.

अशा उघड्या वर्गाला पाश्चात्य संगीतात ‘मास्टर क्लास’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्झ लिस्ट याने वायमार येथे पियानोचे असे वर्ग चालविले. गिटारीत ही प्रथा रुजविण्याचे श्रेय मुख्यतः सेगोव्हियाकडे जाते. इटलीतील सिएना, १९५८ पासून स्पेनमधील सान्तियागो दे कोम्पोस्तेला, आणि १९६४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील केंद्र, असे त्याच्या वर्गांचे क्षेत्र विस्तारत गेले. विद्यार्थ्याने रचना वाजवावयाची, गुरूने मध्येच थांबवावयाचे, वाद्य हाती घेऊन तोच भाग करून दाखवावयाचा, आणि हे सारे श्रोत्यांसमक्ष. वाजविणारा एक, परंतु शिकणारे पन्नास, ही या पद्धतीची मोठी सोय आहे.

तिचा दोषही तेथेच आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ साली सेगोव्हियाच्या वर्गात एका विद्यार्थ्याने त्याच्या संपादित आवृत्तीतील बोटांची योजना बदलून वाजविले. त्र्याण्णव वर्षांच्या गुरूला ते रुचले नाही, आणि सर्वांदेखत विद्यार्थ्याला बोलणी बसली. वरवर पाहता प्रसंग क्षुल्लक. परंतु बोटांची योजना म्हणजेच स्वराचा रंग, हे ध्यानी घेतले की वाद कशाचा होता ते कळते. तो रंग ठरविण्याचा अधिकार कोणाचा? सिएनात शिकलेल्या जॉन विल्यम्स यानेही पुढे उघडपणे म्हटले की, सेगोव्हियाच्या अध्यापनात अनुकरणाचा आग्रह फार होता.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे घराण्याची तालीम आठवणे साहजिक आहे. तेथेही आधी गुरूचेच गाणे गळ्यावर चढवावे लागते. पण तालमीला वर्षे मिळतात. अनुकरण पचून त्यातून शिष्याचे स्वतःचे काही निघण्यास अवकाश असतो. दोन दिवसांच्या वर्गात तो नसतो. तेथे अनुकरण मागणे म्हणजे झाडाची फांदी तोडून फळाची वाट पाहणे होय.

उघड्या वर्गाची कल्पना मात्र या प्रांताला परकी नाही. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि बंद दारांआडची विद्या वर्गात आणली. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने १९८७ पासून गुरुकुलाची रीत आणि विद्यापीठाची पदवी यांची सांगड घातली आहे. अशा विभागाने गिटारवादकाला पाचारण केल्यास काही गोष्टी आधी ठरविलेल्या बऱ्या. कार्यक्रम वर्गाच्या आधी व्हावा, म्हणजे विद्यार्थ्याच्या कानात तो नाद असतो. सभागृह लहान आणि शांत असावे. ध्वनिवर्धक लावला तर जे ऐकावयाचे तेच हरवते. पंखेही बंद ठेवावेत, मग श्रोत्यांना थोडे उकडले तरी चालेल. वर्गात एका विद्यार्थ्याला निदान अर्धा तास मिळावा. आणि पाहुणा गेल्यानंतरच्या आठवड्यात स्थानिक शिक्षकाने तीच रचना पुन्हा घेऊन, पाहुण्याने सुचविलेली बोटांची योजना आणि विद्यार्थ्याची मूळची, अशा दोन्ही शेजारी-शेजारी वाजवून घ्याव्यात. त्यांपैकी कोणती ठेवावयाची ते विद्यार्थ्याने कारण देऊन सांगावे.